आग लागेल तेव्हा त्या जॉइंटमध्ये पाणी असेल का?

मागच्या वेळी इंधनाच्या टाक्यांवरच्या फोम सिस्टीमबद्दल लिहिलं होतं, आणि त्यावर जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे पाइपच्या जॉइंटचे निघाले. मला बरंच वाटलं. पंप कुठला आणि फोम कुठला यावर चार चार मीटिंगा होतात आणि जॉइंट कुठले हे मात्र ठेकेदाराच्या गोडाऊनमध्ये काय पडून आहे त्यावर ठरतं, हे मी इतक्या साइटवर बघितलंय की आता नवल वाटत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची भाषा थोडी आवरलीय, राग मानू नका.

प्रश्न: सर, आमच्या टर्मिनलवरची फायर वॉटरची जुनी लाइन बदलायची आहे. ठेकेदार म्हणतो सगळं ग्रूव्ह कपलिंगमध्ये (पाइपच्या टोकांना खाच पाडून वरून दोन वाट्या बोल्टने आवळायच्या) करू, वेल्डिंग नको, हॉट वर्क परमिटची (ठिणगी पडणाऱ्या कामाच्या परवानगीची) कटकट नको, काम पटकन उरकेल. कन्सल्टंट म्हणतो रबर दिसलं तर मी सही करणार नाही, सगळं वेल्डेड आणि फ्लँज (पाइपच्या टोकाची बोल्ट लावायची रुंद कड) पाहिजे. मी मधल्यामध्ये अडकलोय, कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं ऐका.

ड्रॉइंग जरा बाजूला ठेवा आणि पंप हाउसपासून टाकीपर्यंत लाइनच्या कडेकडेने चालत जा. प्रत्येक जॉइंटपाशी थांबून एकच गोष्ट विचारा, की इथे आग लागली तर त्या क्षणी या जॉइंटच्या आत पाणी असेल का. बाकी प्रेशर, साइज, गंज हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते कुठल्याही पाइपिंगला लागू आहे. इंधनाच्या साइटवर निवड फिरते ती या एका प्रश्नावर.

कारण असं आहे बघा. ग्रूव्ह कपलिंगच्या आत रबरची रिंग असते. साधारण ईपीडीएम रबर ११० डिग्री सेल्सिअसपर्यंत चालतं आणि नायट्राइल तर ८२ च्या आसपासच थांबतं. आता पेट्रोल डिझेलची आग म्हणजे लाकडाची आग नव्हे, ती हळूहळू चढत नाही. हायड्रोकार्बनच्या आगीसाठी यूएल १७०९ नावाची जी टेस्ट आहे तिच्यात भट्टीचं तापमान पहिल्या ५ मिनिटांतच १०९३ डिग्रीला नेतात, कारण खरी आगही तशीच अंगावर येते. अशा ज्वाळेत कोरडा पाइप सापडला तर रबर काही मिनिटांतच गेलं म्हणून समजा, आणि लोखंडसुद्धा ५५०-६०० डिग्रीला आपली निम्मी ताकद घालवून बसतं. पण त्याच पाइपमधून पाणी वाहत असेल तर उष्णता पाणी घेऊन जातं, पाइपची भिंत पाण्याच्या तापमानाच्या जवळपास राहते आणि तेच रबर तग धरतं. यात एक पोटकलम आहे ते विसरू नका, पाइप भरलेला आहे पण पाणी जागचं हलत नाही अशी लाइन आगीत असेल तर ते पाणी उकळायला लागतं. म्हणजे नुसतं भरलेलं बरं, वाहतं त्याहून बरं आणि कोरडं सगळ्यात वाईट.

आता तुमच्या साइटवर चालत गेलात की काय दिसेल ते मी इथे बसून सांगतो. पंप हाउस ते रिंग मेन, म्हणजे साइटला वळसा घालणारी मुख्य लाइन, कायम प्रेशरमध्ये, डाइकच्या (सांडलेलं इंधन अडवणाऱ्या टाकीभोवतीच्या भिंतीच्या) बाहेर, टाकीपासून लांब. इथे ग्रूव्ह कपलिंगला माझी काहीच हरकत नाही, उलट दुरुस्तीला सोपं पडतं, दोन बोल्ट सोडले की तुकडा हातात. मग येतो सेक्शन व्हॉल्व्ह किंवा डिल्यूज व्हॉल्व्ह (आग लागली की उघडून पुढे पाणी सोडणारा), आणि त्याच्या पुढची सगळी लाइन कोरडी, वर्षानुवर्षं कोरडी, आणि नेमकी तीच डाइकच्या भिंतीवरून आत जाऊन टाकीला वेढा घालते. तिथे वेल्डिंग, आणि उघडायला लागतील तेवढेच मोजके फ्लँज. लोडिंग गँट्रीच्या (टँकर भरायच्या जागेच्या) डोक्यावरची स्प्रे लाइन आणि प्रॉडक्ट पंपांच्या शेडमधली लाइन पण याच वर्गात घाला.

हे माझं एकट्याचं मत नाही. फोम सिस्टीमचं जे एनएफपीए ११ हे अमेरिकन स्टँडर्ड आहे त्यात आगीच्या तोंडी येणाऱ्या भागात रबर गॅस्केटचे फिटिंग वापरू नका असं सरळ म्हटलंय, सिस्टीम ऑटोमॅटिक सुरू होणारी असेल तरच सूट. आणि या सुटीचाच सगळ्यात जास्त गैरफायदा घेतला जातो. ऑटोमॅटिक म्हणजे डिटेक्टरने आग ओळखली आणि माणसाचा हात न लागता पाणी सुटलं. कंट्रोल रूममधून ऑपरेटर बटण दाबतो ते ऑटोमॅटिक नव्हे, रात्री तीन वाजता तो बटण दाबेपर्यंत किती मिनिटं जातात ते मॉक ड्रिलमध्ये घड्याळ लावून बघा एकदा. आणि खरी ऑटोमॅटिक असली तरी डिटेक्शन लाइन दुरुस्तीला बायपास केलेली असते तेव्हा काय, हा माझा खवचट प्रश्न आहेच.

ठेकेदाराचं अर्धं खरं म्हणालो ते हॉट वर्कबद्दल. चालू टँक फार्ममध्ये डाइकच्या आत वेल्डिंगची ठिणगी पाडणं हा विस्तवाशी खेळच आहे, त्याची भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय रबर हा नाही. उपाय म्हणजे स्पूल (पाइपचे तयार तुकडे) बाहेर यार्डात बनवायचे, वेल्डिंग तिथेच, तपासणी तिथेच, गॅल्व्हनायझिंग करायचं असेल तर तेही वेल्डिंग झाल्यावर तिथेच, आणि आत फक्त आणून फ्लँजचे बोल्ट आवळायचे. यासाठी माप मात्र चोख घ्यावं लागतं, प्रत्येक रांगेत एक तुकडा शेवटी माप घेऊन बनवायचा म्हणून मोकळा ठेवा नाहीतर फ्लँज ओढून ताणून बसवतात आणि तो ताण कायमचा जॉइंटमध्ये राहतो. आधी गॅल्व्हनाइज केलेला पाइप आणून मग त्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना तर मी साइटवर उभंच करत नाही, वेल्डच्या जागी जस्त जळून जातं, आतून ती जागा उघडी पडते आणि कोरड्या लाइनमध्ये गंज बरोब्बर तिथूनच सुरू होतो, शिवाय वेल्डरच्या छातीत तो धूर जातो ते वेगळंच.

प्रश्न: दादा मी फिटर आहे, बारा वर्षं वेल्डिंगच्या लाइनीवर काम केलं, आता नवीन साइटला ग्रूव्हचं काम आलंय. दोन अर्ध्या वाट्या आणि दोन बोल्ट एवढ्यावर दहा बारा बारचं प्रेशर थांबतं यावर मन बसत नाही. वाढलं प्रेशर तर निसटणार नाही का?

उत्तर: मन बसत नाही ते चांगलं लक्षण आहे, पण ही वस्तू काल परवाची नाही. पहिल्या महायुद्धात पाइपलाइन घाईघाईने जोडायची गरज पडली त्यातून ही कल्पना पुढे आली, १९१९ च्या सुमारास पेटंट झालं, आणि आपण ज्याला सर्रास व्हिक्टॉलिक म्हणतो ते नावसुद्धा व्हिक्टरी आणि हायड्रॉलिक या दोन शब्दांची मोट बांधून केलेलं.

पाइपला टोकाजवळ गोल खाच असते आणि वाट्यांची कड त्या खाचेत बसते, पाइप निसटू न देण्याचं काम त्या कडेचं. पाणी थांबवण्याचं काम रबरचं. रबरचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा असतो, पोट आतल्या बाजूला उघडं, त्यामुळे पाण्याचं प्रेशर त्या पोटात शिरून त्याच्या दोन्ही ओठांना पाइपवर दाबून धरतं. म्हणजे प्रेशर वाढलं की पकड सैल होत नाही, घट्ट होते.

गडबड होते ती हाताने केलेल्या कामात. खाच उथळ पडली की कड पूर्ण बसत नाही आणि बाहेरून मात्र सगळं छान दिसतं, म्हणून खाचेचा व्यास टेपने मोजायचा, प्रत्येक नाही तर निदान रोलर बदलल्यावर आणि पाइपची जाडी बदलल्यावर तरी. पातळ पाइपला कापून खाच पाडायची नाही, रोल करायची, कापल्यावर भिंतच उरत नाही. शिवणीच्या पाइपवर बाहेरचा वेल्डचा उंचवटा रबर बसतं तेवढ्या भागात ग्राइंडरने सपाट करा, नाहीतर त्या एका रेषेतून थेंब थेंब येत राहतो आणि तुम्ही बोल्ट आवळत बसता. रबर घालताना चिमटीत सापडलं तर ते आजच्या टेस्टला पास होईल आणि दोन वर्षांनी फाटेल. आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळा, एकीकडे पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर रबर नक्की चिमटणार.

अजून एक, रबरला ग्रीस लावू नका. तुमच्या खिशातल्या डब्यातलं साधं ग्रीस म्हणजे पेट्रोलियमच, ईपीडीएम त्याने फुगतं. कपलिंगबरोबर येतं तेच वंगण लावा, नाहीतर सिलिकॉनचं.

प्रश्न: आमच्याकडे हिरव्या रेघेची आणि केशरी रेघेची अशी दोन प्रकारची रबरं आलीत. लाइनमध्ये तर पाणीच आहे, मग कुठलंही चालेल ना?

उत्तर: बऱ्याच कंपन्या ईपीडीएमला हिरवी रेघ देतात आणि नायट्राइलला केशरी, तरी रेघेवर भरवसा न ठेवता पाकिटावरचं वाचा. पाण्याला ईपीडीएम उत्तम, वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल डिझेलशी त्याचं वाकडं. नायट्राइल तेलाला चालतं, उष्णतेला आणि उन्हाला त्या मानाने नाजूक.

आता आत पाणी आहे हे खरं, पण बाहेर काय आहे? पाइप ट्रेंचमध्ये असेल आणि त्याच ट्रेंचमध्ये प्रॉडक्टच्या लाइनचा पाझर साचत असेल तर रबर बाहेरून भिजतं. मी एका साइटवर असं फुगून वाटीच्या फटीतून बाहेर डोकावणारं रबर बघितलंय, लाइन चालू होती, थेंब नव्हता गळत, आणि सगळे म्हणत होते चाललंय ना मग कशाला हात लावता. तेव्हा अशा जागी एकतर नायट्राइल किंवा त्याहून बरं म्हणजे तिथे रबरच नको. आणि तुमच्याकडे दोन रंगांची रबरं एकाच खोक्यात मिसळलेली असतील तर आजच वेगळी करा, उद्या ती कुठे बसली ते कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न: फ्लँजच्या जॉइंटला गळती म्हणून आवळत गेलो तर व्हॉल्व्हच्या फ्लँजचा कानच तुटला. व्हॉल्व्ह बनवणारा म्हणतो तुमची चूक. खरंच आमची चूक का?

उत्तर: व्हॉल्व्ह बिडाचा होता ना? मग बहुतेक हो. बिडाच्या व्हॉल्व्हची फ्लँज सपाट असते आणि तुमच्या पाइपची स्टीलची फ्लँज मध्ये उंचावलेली. दोन्ही जोडल्या की बोल्टच्या जागी फट राहते, आवळत गेलात की बिडाची फ्लँज त्या फटीत वाकायला बघते, आणि बीड वाकत नाही, तुटतं. स्टीलची फ्लँजही सपाट घ्या आणि गॅस्केट पूर्ण तोंडाचं, बोल्टच्या भोकांसकट.

पण मला त्याहून मोठा प्रश्न पडलाय की हा व्हॉल्व्ह कुठे होता. पत्रात डाइकच्या आत असं लिहिलंय. तिथे बीड नकोच. आग लागल्यावर कोरड्या लाइनमधलं बीड लाल तापलेलं असतं आणि मग कोणीतरी व्हॉल्व्ह उघडतो आणि थंड पाणी धाडकन येतं, चहाच्या गरम काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतल्यासारखं. कोरड्या आणि आगीत सापडू शकणाऱ्या भागात बिडाचे फिटिंग नकोत हेही एनएफपीए ११ मध्ये आहेच. स्टीलचा व्हॉल्व्ह घ्या.

गॅस्केटचं पण तसंच. पाण्याची लाइन म्हणून रबरचं गॅस्केट कापून घालायची सवय सगळीकडे आहे, पंप हाउसमध्ये घाला खुशाल. डाइकच्या आत स्टीलची पट्टी आणि ग्रॅफाइट गुंडाळलेलं स्पायरल वाउंड गॅस्केट घाला. रबर घालणार असाल तर मग वेल्डिंगचा हट्ट केला कशाला, साखळी तिथेच तुटणार. आणि स्पायरल वाउंड गॅस्केट एकदा आवळून उघडलं की परत वापरायचं नाही, ते दाबलं गेलेलं असतं. ते बसवायचं तर दोन्ही फ्लँज उंच तोंडाच्या लागतात, हे सपाट फ्लँजवर बसवून वर परत कान तुटला म्हणून मला पत्र लिहू नका.

प्रश्न: अर्ध्या इंचाचा स्प्रे नोझल सॉकेटमध्ये दोन तीन आटे छान जातो मग अडकतो, टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा गळतोच.

उत्तर: एकाचे आटे एनपीटी म्हणजे अमेरिकन पद्धतीचे आहेत आणि दुसऱ्याचे बीएसपी म्हणजे ब्रिटिश. अर्धा आणि पाऊण इंच या दोन मापांत दोन्हींचे इंचाला १४ आटे असतात म्हणून सुरुवातीला फसवतात, पण एकाच्या आट्याचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, ते कधीच नीट बसणार नाहीत. टेपने भरून काढू नका, टेफ्लॉन ३२७ डिग्रीला वितळतं, आगीत तुमचा तो सगळा गुंडाळा नाहीसा होईल. सॉकेट बदला. आणि आट्यांचे जॉइंट ५० एमएमच्या वर नकोतच, आटे पाडताना पाइपची भिंत बरीच खाल्ली जाते आणि गंजायला सुरुवात तिथूनच होते.

प्रश्न: जमिनीखालची रिंग मेन एचडीपीई मध्ये (प्लास्टिकच्या पाइपात) करायची असं वरून आलंय, गंजत नाही म्हणून. वेल्डेड स्टीलवाल्यांनी आमच्याकडे नाक मुरडलंय. तुमचं काय म्हणणं?

उत्तर: जमिनीखाली, पुरेशा खोल, आणि फायर सर्व्हिससाठी मान्यता असलेला पाइप असेल तर मी नाक मुरडणार नाही. फ्यूजनचा (टोकं वितळवून चिकटवलेला) जॉइंट नीट झाला तर पाइपपेक्षा जॉइंट कमजोर नसतो आणि रबरच नाही म्हटल्यावर ती चिंता पण नाही. जमिनीवर मात्र एक फूटसुद्धा बाहेर दिसता कामा नये, हे प्लास्टिक १३० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि वर जळतं पण. हायड्रंट आणि मॉनिटरचे (पाण्याचा मोठा झोत मारणाऱ्या तोफेचे) उभे पाइप स्टीलचेच, आणि स्टीलला जोडणारा फ्लँज मातीच्या आत किंवा झाकलेल्या चेंबरमध्ये.

पण इंधनाच्या साइटवर याची एक खास गोम आहे जी पाण्याच्या लाइनवाल्यांना माहीत नसते. माती पूर्वी गळतीने भिजलेली असेल तर पेट्रोल डिझेलचे घटक प्लास्टिकमध्ये मुरतात, पाइप थोडा मऊ पडतो, ताकद कमी धरावी लागते. आणि दहा वर्षांनी दुरुस्तीला त्या पाइपवर फ्यूजन करायला गेलात तर गरम प्लेटला टेकवल्यावर बुडबुडे येतात आणि चरचर आवाज येतो, मुरलेलं इंधन बाहेर निघतंय ते. तो जॉइंट वरून कसाही दिसो, धरायचा नाही. तिथे मेकॅनिकल कपलिंगच घालायचं. म्हणून खणायच्या आधी मातीची तपासणी करून घ्या, आणि माती खराब निघाली तर त्या पट्ट्यात स्टीलला कोटिंग रॅपिंग करून टाका.

यालाच जोडून दुसऱ्या एकाने विचारलंय की डक्टाइल आयर्नचे ढकलून बसवायचे जॉइंट घेतले तर बेंडला काँक्रीटचा ठोकळा खरंच लागतो का, खर्च वाचवायचाय. हिशोब तुम्हीच करा. २०० एमएम लाइनचा बाहेरचा व्यास २२२ एमएम, १० बार प्रेशर, बंद टोकावर साधारण ३.९ टनाचा रेटा येतो आणि ९० अंशाच्या बेंडवर ५.६ टनाच्या आसपास. ढकलून बसवलेला जॉइंट हे धरून ठेवत नाही, तो फक्त पाणी अडवतो. ठोकळा तरी घाला नाहीतर लॉक होणारे जॉइंट घ्या. आणि पंप सुरू झाल्या झाल्या धक्का याहून जास्त बसतो.

प्रश्न: टाकीजवळच्या राइझरला (टाकीवर चढणाऱ्या उभ्या पाइपला) फ्लेक्सिबल कपलिंग दिलं तर पाइप प्रसरण पावला तरी ताण येणार नाही, असं आमच्या डिझाइनरचं म्हणणं आहे. बरोबर का?

उत्तर: विचार बरोबर, वस्तू चुकीची. आकडे बघा. स्टील दर मीटरला दर डिग्रीला ०.०१२ एमएम वाढतं. उन्हाने ५० डिग्रीचा फरक पडला तर १०० मीटर लाइन ६० एमएम वाढते. आता १० मीटरचा कोरडा तुकडा आगीत ५०० डिग्रीला गेला तर तोही जवळपास ६० एमएम किंवा जरा जास्तच वाढणार. म्हणजे शंभर मीटरचं उन्हातलं काम आगीत दहा मीटरमध्ये होतं. फ्लेक्सिबल कपलिंग एका जॉइंटला काही मिलीमीटर देतं, ते उन्हाला पुरतं, आगीला नाही, आणि आगीत त्याचं रबर राहणार नाही ते वर सांगितलंच. शिवाय फ्लेक्सिबल कपलिंगची लाइन सपोर्टशिवाय असेल तर प्रेशर आल्यावर प्रत्येक जॉइंट आपली फट पूर्ण उघडतो आणि लाइन सापासारखी वळते.

टाकीपाशी लवचिकपणा पाइपच्या आकारातून द्या. दोन तीन एल्बो घेऊन वळण द्यायचं, सगळं वेल्डेड, आणि आडवी लाइन सपोर्टवर टेकलेली असावी, जखडलेली नको. याचं दुसरं कारण जास्त भयंकर आहे. कोन रूफ (शंकूसारखं छप्पर असलेल्या) टाकीत आत वाफेचा भडका झाला तर छप्पर उचललं जातं, तसं ते जावं म्हणूनच छपराची शिवण कमजोर ठेवतात. टाकीत फोम सोडणारा फोम चेंबर टाकीच्या वरच्या कडेलाच बसवलेला, त्यामुळे राइझरला वरती हिसका बसतो. खाली लाइन क्लँपने आवळून धरलेली असेल तर राइझर तुटतो आणि ज्या टाकीला फोम पाहिजे तिलाच मिळत नाही. म्हणून डाइकच्या आत, आणि डाइक नसेल तर टाकीपासून १५ मीटरपर्यंत, हा वरचा हिसका सोसेल अशीच लाइन करायची. राइझरमध्ये उघडता येईल असा एक फ्लँज फोम मेकरच्या (फेस तयार करणाऱ्या भागाच्या) लगेच खाली ठेवा, तिथपर्यंत हायड्रो टेस्ट (पाण्याच्या प्रेशरची टेस्ट) घेता येते. सगळं वेल्डेड करताना हा एक फ्लँज विसरणारे लोक मी बघितलेत, मग टेस्ट कशी घेतली विचारलं की वरती बघतात.

प्रश्न: फोम कॉन्सन्ट्रेटची (पाण्यात मिसळायच्या मूळ फोम द्रवाची) लाइन पाण्याने टेस्ट केली, एक थेंब नाही. फोम भरल्यावर चार जॉइंट ओले. असं कसं?

उत्तर: असंच होतं. फोमचा पृष्ठताण पाण्यापेक्षा फार कमी, जिथून पाणी जात नाही तिथून तो झिरपतो. आट्यांचे जॉइंट शक्य तेवढे काढून वेल्डिंग करा, गॅस्केट आणि टेपचं मटेरियल फोम बनवणाऱ्याकडून लेखी विचारून घ्या, आणि कॉन्सन्ट्रेटला गॅल्व्हनाइज पाइप अजिबात नको. फ्लोरिन नसलेल्या नव्या फोमवर जाणार असाल तर जुन्या फोमला चाललेलं रबर नव्यालाही चालेल असं गृहीत धरू नका.

प्रश्न: मी सेफ्टीचा कोर्स करते आहे. प्रोजेक्टसाठी बन्सफील्डच्या आगीचा अभ्यास दिलाय. त्यात पाइप जॉइंटच्या बाजूने लिहिण्यासारखं काही आहे का सर?

उत्तर: आहे, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. ११ डिसेंबर २००५, ब्रिटनमधला हेमल हेम्पस्टेडजवळचा डेपो, पहाटे पेट्रोलची टाकी भरून वाहिली, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला, वीसहून जास्त टाक्या पेटल्या आणि आग कित्येक दिवस चालली. ठिणगी बहुधा फायर वॉटरचा पंप सुरू होताना पडली, म्हणजे विझवणारी यंत्रणाच पेटवणारी ठरली.

जॉइंटचा धडा बंडच्या, म्हणजे आपण डाइक म्हणतो त्याच्याच, भिंतीत आहे. काँक्रीटच्या भिंतींच्या सांध्यातलं सीलंट आगीत गेलं, आत पाणी अडवणारी पट्टी नव्हती, आणि जिथे पाइप भिंतीतून आरपार जात होते तिथली जागाही फुटली. मग इंधन, फोम आणि विझवायला मारलेलं पाणी असं सगळं मिळून बाहेर जमिनीत मुरलं. पाइप बंडमधून जातो तो सांधा आपण सिव्हिलवाल्यांचा समजतो आणि सिव्हिलवाले पाइपिंगवाल्यांचा समजतात, त्यामुळे तो कोणाचाच राहत नाही. नवीन काम असेल तर पाइप भिंतीच्या वरून घ्या, भोक पाडूच नका. प्रोजेक्टमध्ये हा मुद्दा घातलात तर मार्क मिळतील की नाही ते तुमचे सर जाणोत.

प्रश्न: हायड्रो टेस्ट १३.८ बारला दोन तास घेतली, प्रेशर हललं नाही. आता सही करायला हरकत नाही ना?

उत्तर: टेस्टपुरती सही करा. त्या टेस्टने एवढंच कळलं की थंड पाण्याला, स्थिर प्रेशरमध्ये जॉइंट गळत नाहीत. कोरड्या लाइनमध्ये डिल्यूज व्हॉल्व्ह उघडल्यावर हवेला ढकलत पाणी धावतं आणि प्रत्येक बेंडवर आदळतं, ते या टेस्टमध्ये झालेलंच नाही, म्हणून एकदा खरोखर व्हॉल्व्ह उघडून पूर्ण फ्लोची ट्रायल घ्या आणि त्या वेळी एक माणूस सुरक्षित अंतरावरून सपोर्टकडे बघत उभा करा. पाणी नाही म्हणून हवेने टेस्ट घेऊ का असंही तुम्ही खाली विचारलंय, तर नाही, त्या प्रेशरला दाबलेली हवा जॉइंट सुटला की माणूस मारते.

आणि ट्रायल झाल्यावर नोझल आणि स्ट्रेनर उघडून बघा. मेन पाइपला ब्रँच जोडायला गोल भोक पाडतात, ती कापलेली चकती आतच पडलेली राहते, वेल्डिंगचा मळ असतो, गंजाच्या खपल्या असतात. मला एकदा स्ट्रेनरमध्ये अख्खा वेल्डिंग रॉड आणि हातमोज्याचं एक बोट सापडलं होतं. चकत्यांचा हिशोब ठेवायची सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक भोकाची चकती तारेने त्याच ब्रँचला बाहेरून बांधून ठेवायला सांगायचं आणि सहीच्या आधी मोजायच्या. भोकं अठ्ठेचाळीस आणि चकत्या सत्तेचाळीस भरल्या तर लाइन उघडा.